१ आरकेमध्ये बाळाची झोप न मोडता खेळता येईल असा छोटा पीसी, बजेट ६० हजार

मोशीकर_सेकंडशिफ्ट:

नमस्कार मंडळी,

मी मोशीत राहतो, चाकणला एका कंपनीत सेकंड शिफ्टला आहे. बस साडेबाराला सोडते. हातपाय धुऊन, जेवून बसेपर्यंत एक वाजतो. एक ते दोन हा तास माझा असतो, त्यात मी गेम खेळतो. लग्नाआधीपासूनची सवय आहे आणि ती मला सोडायची नाही. आठ तास प्रेस शॉपमध्ये काढल्यावर डोकं मोकळं व्हायला मला तेच लागतं.

अडचण अशी की घर एका खोलीचं. टेबलापासून पाळणा साडेसहा फुटांवर, टेप लावून मोजलंय. मुलगी सात महिन्यांची आहे. माझा गेमिंग लॅपटॉप सहा वर्षांचा. गेम सुरू केला की दोन मिनिटांत त्याचे पंखे मिक्सरमध्ये खोबरं फिरवल्यासारखे सुटतात. मुलगी दचकून उठते, मग बायको उठते, आणि तिला पहाटे साडेपाचला पाणी भरायचं असतं. मागच्या महिन्यात तीनदा असं झालं. तेव्हापासून लॅपटॉप कपाटात ठेवलाय.

पिंपरीतल्या एका दुकानातून कोटेशन आणलं: आय५ १२४००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी रॅमची एक पट्टी, आरटीएक्स ३०५० ६ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० जीबी एनव्हीएमई (डेटा साठवायची पट्टी), ५०० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), आणि पुढून काच व चार रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट. एकूण ६४ हजार. आवाज किती येईल विचारलं तर म्हणाला, "लिक्विड कूलर टाका, आवाजच येणार नाही." त्याचे सहा हजार वेगळे.

जागा म्हणाल तर टेबलाशेजारी भिंतीत एक कोनाडा आहे: १६ इंच रुंद, १३ इंच खोल, १८ इंच उंच. मिनी आयटीएक्सचा (छोट्या मदरबोर्डाचा) छोटा डबा त्यात बसवून पुढे पडदा लावायचा विचार आहे. २४ इंची १०८० पी मॉनिटर घरात आहे. खेळतो ते जीटीए ५, फोर्झा होरायझन ५, आणि रेड डेड रिडेम्प्शन २, जी अर्ध्यात राहिलीय.

बजेट ६० हजार. त्याच्या वर एक रुपया नाही. काय घेऊ?

———

लॅमिंग्टन_रोड_वारी:

ग्राफिक कार्डच घेऊ नका. एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घ्या, त्यात ग्राफिक आत असतं. रॅमच्या दोन पट्ट्या लावा, एक लावलीत तर आतल्या ग्राफिकचा जीव जातो. जीटीए ५ मजेत चालेल, आवाज जवळपास शून्य, आणि पैसेही वाचतील.

———

गोधडीतला_आवाज, कोल्हापूर:

मोशीकर दादा, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी घरून व्हॉइसओव्हर करते. जाहिराती, शेतीचे माहितीपट, हल्ली ऑडिओबुकं जास्त. स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं सागवानी कपाट. आत आजीच्या तीन गोधड्या टांगल्यात, त्यांच्यामध्ये माईक. कपाटापासून कॉम्प्युटर सात फुटांवर आहे, म्हणजे तुमच्या पाळण्याइतकाच. त्याच कॉम्प्युटरवर रात्री मी गेमही खेळते. त्यामुळे आवाज कुठून निघतो आणि कशानं जातो हे मी हेडफोन लावून, एकेक पंखा बोटानं थांबवून शोधलंय. (बोट पात्यांना लावायचं नाही, मधल्या गोल बुंध्यावर हलकं टेकवायचं. आणि हा प्रयोग एसएमपीएसच्या पंख्यावर कधीच करायचा नाही.)

आधी बाळाबद्दल बोलते. एका लयीत चालणारा आवाज कान विसरून जातो. तुमच्या छताचा पंखा रात्रभर फिरतो आणि मुलगी झोपते. लाईट जाऊन तो थांबला की उठते, हो ना? कॉम्प्युटरचंही तसंच. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये दर दोन-तीन मिनिटांनी एक "घुंऽऽ" चढायचा आणि उतरायचा. आवाज मोठा नव्हता, पण चाळीस मिनिटांच्या फाइलमध्ये सगळीकडे पसरलेला. रायझनचं तापमान एका सेकंदात दहा-पंधरा अंश उडी मारतं, नुसता ब्राउझर उघडला तरी. बोर्डवरचा पंखा त्या प्रत्येक उडीमागे धावतो. मी बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ७० अंशांपर्यंत पंख्याचा वेग सपाट ठेवला आणि वेग वाढायच्या आधी थोडा उशीर लावला. त्या दिवसापासून "घुंऽऽ" नाही. एक रुपया लागला नाही.

ग्राफिक कार्डाची खोड वेगळी. थंड असताना त्याचे पंखे पूर्ण थांबतात, तापलं की सुरू होतात, निवलं की परत थांबतात. शांततेत ते सुरू होणं टचकन कानाला लागतं. खेळताना ही "झिरो आरपीएम" सोय बंद करून पंखे सतत हळू फिरत ठेवले, तर जास्त शांत वाटतं. उलटं वाटेल, पण करून बघा.

आता वॉटचं. पंखे फिरतात ते उष्णता बाहेर काढायला. तेव्हा उष्णताच कमी तयार होईल असं बघायचं. तुमचा मॉनिटर साधा असेल तर सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार, आणि कार्ड मात्र १२० चित्रं काढत बसतं. ती वरची साठ म्हणजे फुकटची उष्णता. मी प्लगमध्ये वॅटमीटर लावून बघितलं: एकच गेम, बंधन न घालता भिंतीतून २२५ वॉटच्या आसपास, ६० वर बांधल्यावर १५० च्या आत-बाहेर. पंख्यांचा वेग आपोआप उतरला. पंख्याचा वेग निम्मा झाला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं खाली येतो. हा सौदा फार फायद्याचा आहे. म्हणून दोन मोठे पंखे निवांत चालवावेत, एक छोटा पळवू नये.

म्हणूनच लॅमिंग्टन दादांचं अर्धं पटतं. ५६००जी शांत आहे, पण रेड डेड २ तिच्यानं ओढवणार नाही आणि दादांची तीच गेम अर्ध्यात राहिलीय. ३०५० ६ जीबी ७० वॉटचं कार्ड आहे, वेगळी वायरसुद्धा लागत नाही, वाईट नाही. पण रेड डेडसाठी त्याला पूर्ण ताकदीनं पळावं लागेल. एएमडीच्या आरएक्स ६६०० कार्डावर १३२ वॉट लिहिलेले असतात, पण ते ताकदीनं बरंच पुढे आहे, आणि ६० वर बांधलं की अर्ध्या ॲक्सिलरेटरवर चालतं. वर त्याचा कूलरही १३२ वॉटच्या हिशेबानं बनवलेला, त्यामुळे कमी वॉटमध्ये तो ऐकूच येत नाही. माझ्याकडे तेच आहे, दोन पंख्यांचं. नवं बजेटात बसत नसेल तर जुनं बघा.

प्रोसेसर तुमच्या दुकानदारानं चुकीचा दिलेला नाही. १२४००एफ आणि रायझन ५ ५६०० दोन्ही सहा कोअरचे, गेमिंगला जवळपास सारखे. मी ५६०० घेतला, कारण माझ्या बी५५० बोर्डवर पंखे जोडायच्या पिना जास्त आहेत आणि बायोसमधून प्रोसेसरला ४५ वॉटच्या इको मोडवर (कमी वीज खाणाऱ्या सेटिंगवर) टाकता येतं. बऱ्याच एच६१० बोर्डांवर प्रोसेसरचा पंखा सोडून एकच पिन असते. बोर्ड घेताना फोटो मोठा करून पिना मोजा. एएम५ (रायझनचे नवे बोर्ड) आणि डीडीआर५ (नवी रॅम) यांच्या वाटेला या बजेटमध्ये जाऊ नका. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे रॅमचे भाव चढलेत. डीडीआर४ च्या जुन्या पट्ट्या मिळतात, त्या घ्या, पण ८-८ च्या दोन. ग्राफिक कार्ड असलं तरी दोनच चांगल्या.

५६०० सोबत बॉक्समध्ये येणारा कूलर लावू नका. छोटा आहे, तापला की ओरडतो. १२० मिमी पंख्याचा साधा उभा कूलर दोन हजारांच्या आसपास मिळतो. घेण्याआधी त्याची उंची आणि कॅबिनेटमध्ये किती उंची मावते हे दोन्ही आकडे कागदावर लिहा. माझ्या मावसभावाच्या कॅबिनेटचं झाकण चार मिमीनं बसलं नाही, परत करायला कोल्हापूर-पुणे फेरी झाली.

लिक्विड कूलर तुम्हाला नको. त्यात पंखे असतातच, वर पीसी चालू असेपर्यंत पंप गुणगुणतो. ६५ वॉटच्या प्रोसेसरला त्याचं काम नाही.

लॅपटॉपमध्ये एम.२ एनव्हीएमई असेल तर ती काढून पीसीत लावा, चालते. रॅम मात्र चालणार नाही, लॅपटॉपची पट्टी आखूड असते.

आता कोनाडा. तिथे ठेवू नका, मी हात जोडून सांगते. तिन्ही बाजूंनी भिंत आणि पुढे पडदा म्हटल्यावर कॅबिनेट स्वतःचीच गरम हवा परत ओढणार. अर्ध्या तासात पंखे दुप्पट वेगानं फिरतील आणि आपण परत मिक्सरवर येऊ. तुमच्या मनातल्या मिनी आयटीएक्सला बोर्ड महाग, त्याचा छोटा एसएफएक्स एसएमपीएसही महाग, मिळून आठ-दहा हजार जादा जातात, आणि तेवढ्या जागेत कूलरही छोटा घ्यावा लागतो. तो पैसा मायक्रो एटीएक्सचं पुढून जाळीचं कॅबिनेट आणि चांगल्या एसएमपीएसवर घाला. थोडं मोठं दिसेल, पण निम्म्या आवाजात काम करेल. पुढून काच असलेलं अजिबात नको, हवा आत कुठून येणार?

ठेवायचं टेबलाच्या पातळीवर, भिंतीपासून वीतभर पुढे, पाठ पाळण्याच्या विरुद्ध दिशेला. पत्र्याच्या कपाटावर ठेवू नका. मी तो प्रयोग केलाय. पंख्याचा बारीक थरथराट पत्र्यात उतरतो आणि सगळं कपाट घुमतं. खाली चार घड्यांची सतरंजी घातली तेव्हा कुठे थांबलं.

———

ऊन_नागपूरचं:

ताईंचं सगळं बरोबर आहे, मी फक्त उन्हाळ्याचं सांगतो. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे नेहमीचंच. खोली दहा अंशांनी तापली की आतला प्रोसेसर आणि कार्डही तेवढंच वर जातं. मी डिसेंबरात पंख्याचा कर्व्ह (किती तापमानाला किती वेग, ते) लावला, सगळं गार आणि शांत. एप्रिलमध्ये तोच पीसी बोंबलून राहिला होता. तेव्हा कर्व्ह लावायचा तो उन्हाळ्याच्या रात्री लावा, थंडीत मग आपोआप आणखी शांत होते. पुण्यात नागपूरइतकं तापत नाही, पण १ आरकेमध्ये स्वयंपाकही तिथेच होतो ना.

स्वयंपाकावरून आठवलं, फोडणीचा तेलकट धूर जाळीत बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. पुढची जाळी महिन्यातून एकदा काढून भांड्याच्या साबणानं धुवा, पूर्ण वाळली की लावा.

यूपीएस घेणार असाल तर दुकानात तुमच्याच एसएमपीएसवर चालवून बघा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह देत नाही, आणि चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं. काही जोड्या जमत नाहीत, लाईट जाताच पीसी धाडकन बंद पडतो. माझा दोनदा पडला. ६०० व्हीएच्या यूपीएसवर वॉट ३६० च असतात, तेही बघून घ्या. ६० वर बांधलेला पीसी त्यात आरामात बसते.

———

मोशीकर_सेकंडशिफ्ट:

ताई, दादा, खूप आभार. पंखा थांबला की मुलगी उठते हे वाचून मी बायकोला दाखवलं, ती म्हणाली अगदी खरं आहे. कोनाडा रद्द.

जुनं ६६०० ऑनलाइन बरंच दिसतंय, १४ ते १६ हजारांत. पण भीती वाटते. चार वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून जुनी हार्ड डिस्क घेतली, ती आठवड्यात गेली आणि त्यानं फोन उचलला नाही. काय बघून घेऊ?

———

लॅमिंग्टन_रोड_वारी:

आधी ताईंना: रेड डेड मी नीट वाचलं नव्हतं, तुमचं बरोबर.

मोशीकर, ६६०० ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं, तेव्हा मायनिंग (ग्राफिक कार्डांवर आभासी चलन कमावणं) जोरात होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनानं मायनिंग बंद केलं आणि कार्डांचे ढीग बाजारात आले. मायनिंगचं कार्ड म्हणजे खराबच असं नाही, पण त्याचे पंखे रात्रंदिवस फिरलेले असतात, आणि तुम्हाला तर पंख्याचंच पडलंय. म्हणून कुरिअरनं मागवू नका, चालू पीसीत लावलेलं बघा.

वीज बंद असताना पंखा बोटानं फिरवा. अलगद फिरून हळूच थांबला पाहिजे. खरखरला किंवा पातं वर-खाली हललं तर बेअरिंग गेलं. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) पंधरा मिनिटं चालवा आणि कान जवळ न्या. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन तापमानं दिसतात, साधं आणि जंक्शन (चिपच्या सगळ्यात गरम जागेचं). दोघांत तीस अंशांच्या वर फरक असेल तर आतली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलीय, भाव पाडा किंवा सोडा. मागचे सगळे पोर्ट मॉनिटरला लावून बघा, एकही सोडू नका. मूळ बिल आणि कार्डावरचा सीरियल नंबर जुळतोय ना, हे बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. काही कंपन्यांची वॉरंटी सीरियलवर चालते.

———

मोशीकर_सेकंडशिफ्ट (पाच आठवड्यांनी):

झालं एकदाचं. ६६०० चिंचवडला एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडून घेतलं, १५ हजार. पहिलं कार्ड सोडलं, त्याचा एक पंखा खरखरत होता. रायझन ५ ५६०० नवा ११,२००. बी५५०एम बोर्ड ९,३००, पंख्यांच्या पिना मोजून. ८-८ च्या जुन्या डीडीआर४ पट्ट्या ६,०००. ५५० वॉटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस ५,२००. जाळीचं कॅबिनेट ४,६००, त्यात पुढे दोन १२० चे पंखे आलेच. कूलर १,९००, आणि झाकण बसलं! एनव्हीएमई लॅपटॉपमधली. एकूण ५३,२००. जोडणी मी स्वतः केली, रविवारी, मुलगी झोपली असताना, जमिनीवर चादर पसरून. स्क्रू एकही उरला नाही.

एक गोष्ट कळेना म्हणून दोन दिवस झोप उडाली होती. पंखे शांत, पण रेड डेडच्या मेनूत गेलं की कार्डातून रातकिड्यासारखी बारीक किरकिर यायची, खेळात नाही. मग कोपऱ्यातला आकडा बघितला तर मेनूत सेकंदाला साडेचारशे फ्रेम, म्हणजे चित्रं. मी फक्त खेळाच्या सेटिंगमध्ये ६० लावले होते, ते मेनूला लागू होत नव्हते. एएमडीच्या सॉफ्टवेअरमधून सगळ्यांनाच ६० लावले आणि किरकिर गेली.

कार्डाचं व्होल्टेजही थोडं उतरवलंय, दर पायरीला अर्धा तास खेळून. एकदा स्क्रीन काळी झाली, तिथून एक पायरी मागे आलो. परवा रात्री एक ते सव्वादोन खेळलो. बायको मधे पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, "आज चालू नाही केला का?" मी हेडफोन काढून तिला स्क्रीन दाखवली.

आता नवीन प्रश्न. मुलगी रांगायला लागलीय आणि अंधारात पॉवर बटणाचा निळा लाईट दिसला की थेट तिकडेच येते. काल टेबलाला धरून उभी राहिली आणि बटणावर हात ठेवला. लाईट बंद करता येतो का?

———

गोधडीतला_आवाज, कोल्हापूर:

येतो. पीसी बंद करून प्लग काढा. बोर्डच्या खालच्या कोपऱ्यात कॅबिनेटकडून आलेल्या बारीक वायरी असतात. ज्यांच्या टोकावर पॉवर एलईडी लिहिलंय, त्या दोनच काढा आणि टेप गुंडाळून बाजूला ठेवा. पॉवर स्विच लिहिलेल्या दोन मात्र तशाच राहू द्या, नाहीतर पीसी सुरूच होणार नाही. आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन "पॉवर बटण दाबल्यावर काहीच करू नये" हे निवडा. मग तिनं दाबलं तरी गेम बंद पडणार नाही. चार सेकंद दाबून धरलं तर मात्र बंद होतो, तेवढं लक्ष ठेवा. तिच्यासाठी पापा.